हौशी बिनतारीचा आकाशमार्ग

उपग्रह म्हटला कीं मोठमोठीं सरकारें, त्यांचीं सैन्यें आणि त्यांचे खजिने हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज ज्या उपग्रहांची हकीकत सांगावयाची आहे, ते मात्र केवळ हौसेनें बिनतारी यंत्रें चालविणाऱ्या गृहस्थांनीं बांधिलेले आहेत. जगांतील पहिला कृत्रिम उपग्रह सोव्हिएट रशियानें १९५७ सालीं सोडला. त्याला पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच डॉन स्टोनर नांवाच्या एका अमेरिकन हौशी गृहस्थानें १९५९ च्या एप्रिलांत मासिकांत लेख लिहून, एखादें रॉकेट कोणापाशीं शिल्लक आहे काय, असें अर्धवट थट्टेनें विचारलें. ही थट्टा कॅलिफोर्नियांतील कांहीं मंडळींनीं मनावर घेतली. तोल साधण्याकरितां रॉकेटावर जें निरुपयोगी वजन ठेवितात, त्याच्या जागीं आमची पेटी बसवूं द्या, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

तें मान्य झालें, आणि १२ डिसेंबर १९६१ रोजीं ‘ऑस्कर १’ आकाशांत गेला. त्याचें वजन सुमारें साडेचार किलो. शक्ति एका वॅटच्या सातव्या हिश्श्याएवढी. मोर्स लिपींतील चार टिंबें आणि दोन टिंबें तो एकसारखीं उच्चारीत असे. बिनतारीवाल्यांच्या सांकेतिक भाषेंत हें हास्याचें चिन्ह आहे. या हास्याची गति कमीअधिक होई, तीवरून पेटींतील उष्णतामान कळे. सुमारें तीन आठवडे हा आवाज चालू होता, आणि २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी लोकांनीं तो ऐकल्याचें कळविलें. त्याच रॉकेटाचा मुख्य प्रवासी हेरगिरीचा कॅमेरा होता, व त्याचा खरा हेतु जगापासून लपविलेला होता. एकाच वाहनावर एक पेटी तोंड मिटून बसलेली, आणि दुसरी वाटेल त्यानें ऐकावें म्हणून हंसत असलेली, असा हा योग होता.

पुढें १९६५ च्या ‘ऑस्कर ३’ नें ऐकलेला संदेश परत पृथ्वीवर फेकण्याची विद्या साधली, आणि या उपग्रहांच्या द्वारें दोन माणसांना परस्परांशीं बोलतां येऊं लागलें. १५ नोव्हेंबर १९७४ रोजीं सोडलेल्या ‘ऑस्कर ७’ ची कथा तर विलक्षण आहे. १९८१ सालीं त्याची बॅटरी बिघडली व तो मुका झाला. सर्वांनीं त्याचा नाद सोडला. परंतु २१ जून २००२ रोजीं त्याचा आवाज पुनः ऐकूं आला! बॅटरींतील दोष असा कांहीं पालटला होता कीं सूर्यकिरणांपासून मिळणारी वीज थेट यंत्राला मिळूं लागली. तेव्हांपासून तो उन्हांत जागा होतो आणि पृथ्वीच्या छायेंत शिरतांच झोपी जातो. २०२४ सालीं त्याला ५० वर्षें पूर्ण झालीं, तेव्हांहि लोक त्याच्या द्वारें बोलत होते.

या विद्येला प्रवासाची जोड कशी मिळाली, तें आतां पाहूं. ‘ऑस्कर २७’ १९९३ सालीं आणि सौदी अरेबियांत बांधलेला ‘ऑस्कर ५०’ २००२ सालीं वर गेला. या उपग्रहांशीं बोलावयास हातांत मावणारें यंत्र आणि हातांतच धरावयाची लहान अँटेना पुरे होते. उपग्रह क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत दहापंधरा मिनिटें लाभतात. तेवढ्या वेळांत एका हातानें अँटेना त्याच्या मागोमाग फिरवावयाची आणि दुसऱ्या हातानें यंत्राची कंप्रता बदलीत राहावयाचें. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी व दूर जाणारीची उतरती लागते, त्याच न्यायानें उपग्रहाचा स्वरहि ढळतो.

हे लोक पृथ्वीचे अक्षांश-रेखांशांवर आधारलेले चौकोन कल्पितात. एक चौकोन दोन अंश लांब व एक अंश रुंद असतो. ही पद्धत इंग्लंडांतील मेडनहेड येथें १९८० सालीं ठरली. आपल्या मुंबईचा दक्षिण भाग आणि पुणें शहर हीं दोन्हीं ‘एम के ६८’ या एकाच चौकोनांत येतात. अमेरिकेच्या सलग भूभागांत असे ४८८ चौकोन आहेत. कित्येकांत वाळवंट किंवा तुरळक वस्ती असल्यामुळें तेथें यंत्रधारी माणूसच नसतो. तेथून कोणी प्रवासी जाईल तेव्हांच तो चौकोन इतरांच्या पदरांत पडावयाचा.

म्हणूनच मेळ्याला निघालेल्या वाटसरूला इतकें महत्त्व आहे. ओहायओ प्रांतांतील डेटनचा मेळा १९५२ सालीं एका हॉटेलांत सुरू झाला. १९६४ पासून २०१६ पर्यंत तो हारा अरीना या जागीं भरे. २०१७ सालीं तो झीनिया गांवीं गेला आणि चौकोनहि बदलला : ‘ई एम ७९’ चा ‘ई एम ८९’ झाला. २०२४ सालीं तेथें ३५ हजारांहून अधिक लोक जमले होते. त्या वाटेवरचा हौशी प्रवासी वेळापत्रक पाहून रस्त्याच्या कडेस मोटार थांबवितो, आकाशाकडे अँटेना रोखतो, आपलें संकेतनाम व चौकोन सांगतो आणि समोरून तेवढेंच ऐकतो. झाला संवाद! पुढें मेळ्यांत तोच आवाज मनुष्यरूपानें भेटतो.

या दहा मिनिटांत हजारों मैलांच्या टापूंतील माणसें एकाच लहानशा पेटीकडे वळलेलीं असतात. हातांतील यंत्राशीं बोलणाऱ्या उपग्रहावर एका वेळीं एकच आवाज मावतो, आणि जबर शक्तीचा मनुष्य दुबळ्याचा आवाज गिळून टाकूं शकतो. ‘ऑस्कर ७’ सारख्यांवर अनेक संवाद एकदम चालतात. पण तेथेंहि एकानें जास्त जोर लाविला, कीं बाकीच्यांच्या वांट्याची शक्ति घटते. तेथें पहारेकरी नाहीं. म्हणून आधीं ऐकावें, थोडक्यांत बोलावें आणि वाटसरूला प्रथम संधि द्यावी, असा रिवाज पडला आहे. घरबसल्या मोठें यंत्र चालविणारा मनुष्य क्षणभर गप्प राहतो, तेव्हांच रस्त्यावरच्या माणसाचा क्षीण आवाज वर पोंचतो.

आपल्या देशाचाहि यांत वांटा आहे. ५ मे २००५ रोजीं श्रीहरिकोट्याहून ४२.५ किलो वजनाचा ‘हॅमसॅट’ सोडण्यांत आला. त्यांत संदेश परतविणारीं दोन यंत्रें होतीं; एक भारतीय हौशी मंडळींनीं रचलेलें, दुसरें एका डच विद्यार्थ्यानें बनविलेलें. नऊ वर्षें तो सर्व देशांच्या लोकांनीं वापरिला, आणि जुलै २०१४ मध्यें बॅटरी निकामी होऊन त्याचें कार्य संपलें.

गांवचा पाणवठा सर्वांचा असतो. पण प्रत्येकानें आपापली घागर भरून बाजूस सरलें, तरच तो सर्वांना पुरतो. १९६१ पासून या हौशी लोकांनीं आकाशांत असे पाणवठे बांधिले. ते टिकले याचें श्रेय कारागिरीइतकेंच, आपली पाळी संपतांच बाजूस सरणाऱ्या त्या अनाम माणसांनाहि दिलें पाहिजे.