न कापणारी सुरी आणि बार्शीची नोंदवही



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की आपल्याला शिंदे-होळकर आठवतात, पानिपत आठवते. आज मी एका आजाराचा इतिहास सांगणार आहे. आपल्या आज्या आणि आत्या त्याचे नावही घेत नसत. ‘अंगावर जातंय’ एवढेच शब्द, तेही जावेच्या किंवा नणंदेच्या कानात. गर्भपिशवीचा, गर्भाशयमुखाचा, बीजांडकोशाचा कर्करोग घरात असा दबक्या आवाजात येई. डॉक्टरपर्यंत जाईतो बहुधा फार उशीर झालेला असे. हा आजार पुढे क्वचित मेंदूत पोहोचतो. तिथे त्याच्यावर जो अतिशय नेमका किरणोपचार करतात त्याला रेडिओसर्जरी म्हणतात. हा उपचार कुठून आला आणि त्याच्या आधी काय व्हायला हवे होते, हा आजचा विषय.

सुरुवात १९५१ सालापासून करू. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. कॅनडातील सास्काटून या गावी नोव्हेंबर महिन्यात कोबाल्ट-६० च्या नव्या यंत्राखाली पहिली रुग्ण झोपली. त्रेचाळीस वर्षांची, चार मुलांची आई. आजार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. ती त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे जगली. त्याच वर्षी स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कवटी न उघडता बाहेरून किरणांचे अनेक झोत मेंदूतील एकाच बिंदूवर आणावेत, अशी कल्पना त्यात होती. तिला त्यांनी ‘रेडिओसर्जरी’ हे नाव दिले. कॅनडातल्या त्या आईचा आणि लेक्सेल यांच्या निबंधाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो पुढे कोबाल्टनेच जुळवला.

कोबाल्ट-६० म्हणजे साधा कोबाल्ट धातू अणुभट्टीत ठेवून किरणोत्सारी केलेला. त्याची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून स्रोत अधूनमधून बदलावा लागतो. त्याआधी रेडियम होते, पण ते अतिशय महाग आणि चिमूटभरच मिळणारे. रेडियमच्या नळ्या गर्भाशयात काही काळ ठेवून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार होत, आणि त्याने अनेक स्त्रिया बऱ्याही होत. कोबाल्टमुळे बाहेरून खोलवर मारा करणे मध्यम शहरांतील रुग्णालयांनाही परवडू लागले. आपल्या भोपाळात आजही लोक या उपचाराला ‘सिकाई’ म्हणतात. नाव शेकोटीसारखे घरगुती, पण त्यामागे अणुभट्टी आहे.

आपल्याकडची या इतिहासाची पायरी मुंबईची. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या, त्या दुःखातून ते उभे राहिले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतीय विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा आणि हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग जास्त दिसे. म्हणजे रोगाचा संबंध राहणीशी, लग्नाच्या वयाशी, बाळंतपणांशी, स्वच्छतेच्या सोयींशी होता. १९६२ मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेले. रुग्णालय आणि अणुऊर्जा खाते यांची जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण कोबाल्टचा इतिहास ठाऊक असला की ती विचित्र वाटत नाही. भोपाळहून पंजाब मेलने परळ गाठणारी आणि दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का पाहणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. त्यांना हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आता पुन्हा स्वीडनकडे. लेक्सेल यांनी पदार्थवैज्ञानिक बोर्ये लार्सन यांच्यासह आधी प्रोटॉनच्या झोतांचे प्रयोग केले, पण ते यंत्र रुग्णालयात मावणारे नव्हते. शेवटी ते कोबाल्टकडे वळले. १९६८ च्या सुमारास पहिले ‘गॅमा नाइफ’ कामाला लागले. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते, पुढच्या यंत्रांत २०१ झाले. प्रत्येक स्रोताचा झोत इतका क्षीण की वाटेतल्या मेंदूला त्याची झळ फारशी लागत नाही. सगळे झोत जिथे एकत्र येतात तिथे मात्र मारा जबर असतो. नाव सुरीचे, पण कापणे काही नाही. डोके तसूभरही हलू नये म्हणून कवटीला चार स्क्रूंनी चौकट बसवतात. बहुधा एका बैठकीत काम होते.

मुळात हे यंत्र पसरलेल्या कर्करोगासाठी नव्हतेच. असह्य वेदना, कंपवात यांसारख्या विकारांसाठी लेक्सेल यांनी ते कल्पिले होते. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला, पुढे एमआरआय आला, आणि मेंदूतील वाटाण्याएवढ्या गाठीही दिसू लागल्या. दिसू लागल्यावर त्यांच्यावर नेम धरता आला. तोवर अशा रुग्णाच्या सबंध मेंदूलाच किरण देत. गाठी आटोक्यात येत, पण स्मरणशक्ती ढासळे.

यावर मोठे अभ्यास झाले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात ३३३ रुग्ण होते. सबंध मेंदूच्या किरणोपचाराला रेडिओसर्जरीची जोड दिल्यास, एकच गाठ असलेल्यांचे आयुष्य वाढते असे त्यात दिसले. २०१६ चा अभ्यास २१३ रुग्णांचा. केवळ रेडिओसर्जरी घेतलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांची आकलनशक्ती तीन महिन्यांत घटली, तर सबंध मेंदूला किरणही दिलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्क्यांची. किरण वगळल्याने मेंदूत नव्या गाठी जास्त आल्या, पण आयुष्य कमी झाले नाही. म्हणून आता निवडक गाठी असतील तर आधी रेडिओसर्जरीचा विचार होतो. उरलेल्या दिवसांत बाईला नातवाचे नाव आठवावे, घरातली माणसे ओळखता यावीत, हा त्या टक्केवारीचा अर्थ.

स्त्रियांच्या या कर्करोगांत मेंदूपर्यंत मजल क्वचितच जाते. गर्भाशय आणि गर्भाशयमुखाच्या बाबतीत शंभरात एकीलाही नाही, बीजांडकोशात एक-दोघींना. गर्भधारणेच्या पेशींतून होणारा कोरिओकार्सिनोमा मात्र मेंदूत जास्त वेळा जातो, पण तो औषधांना उत्तम दाद देतो. रुग्ण थोड्या, म्हणून केवळ त्यांच्यावर मोठे अभ्यास झालेले नाहीत. फुफ्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगातून मिळालेले शहाणपण डॉक्टरांना इथे वापरावे लागते. उपचार सुधारून स्त्रिया अधिक जगू लागल्या तशा मेंदूतील गाठीही अधिक आढळू लागल्या. मोठ्या गाठीला शस्त्रक्रिया लागते, आणि किरणांनी कधी आसपासचा मेंदूही सुजतो. पोटातला मूळ आजार तर या सुरीच्या आवाक्याबाहेरच. ती अवधी देते, कधी महिन्यांचा, कधी वर्षांचा.

भारतात गॅमा नाइफ १९९७ साली आले, मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये. त्या आधी दहा वर्षे, १९८७ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला एक वेगळे काम सुरू झाले होते. त्याला यंत्र नव्हते, एक नोंदवही होती. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी ती. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी माणसे गावोगाव पाठवत. रुग्णालयात येईल त्याचीच नोंद करायची, अशी पद्धत चालणार नव्हती, कारण येणारेच थोडे. म्हणून कार्यकर्ते घरी जाऊन बोलत, लक्षणे समजावत, संशय आला तर तपासायला आणत. या नुसत्या बोलण्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले. मोजणाऱ्यांनीच रोगाची वाट थोडी अडवली होती.

याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, एक प्रचंड अभ्यास झाला. ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी केली. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या. ज्या गटाला तपासणी दिली नव्हती त्यात ६४ गेल्या. २००९ मध्ये हा निष्कर्ष अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आला आणि जगाचे तपासणीचे धोरण बदलायला त्याचा हातभार लागला. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल कडक टीकाही झाली. ती विसरू नये. जगाला मिळालेले ज्ञान मराठवाड्यातल्या बायकांच्या जिवावर मिळाले आहे.

आपल्या शहरालाही नोंदवही ठाऊक आहे. वायुकांडानंतर, १९८६ मध्ये, भोपाळची कर्करोग नोंदणी सुरू झाली. कुठे किती माणसे कशाने आजारी पडली, हे लिहून ठेवले नाही तर कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, हे या शहराइतके कोणी शिकले नसेल.

मित्रहो, गॅमा नाइफचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. ज्या घरात त्याची गरज पडते तिथे ते फार मोठा आधार असते. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग मेंदूपर्यंत जाऊच नये, याची साधने आज आपल्या हातात आहेत. तिशीनंतर एचपीव्हीची तपासणी करता येते. मुलींसाठी लस आहे, आणि २०२२ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी अशी सोपी तपासणी अजून नाही. तिथे सततची पोटफुगी, थोडे खाऊनच पोट भरणे अशा तक्रारींकडे ‘वयच झालंय’ म्हणून काणाडोळा न करणे एवढेच आपल्या हाती.

बार्शीच्या कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन जे केले ते आपल्या घरात करायला कोणाची परवानगी लागत नाही. आज घरी गेल्यावर सासूबाईंना, वहिनींना, लेकीला एवढे विचारा: काही त्रास तर होत नाही ना? आणि उत्तर कुजबुजत आले, तरी ते नीट ऐकून घ्या.