ग्रंथाच्या आतल्या पानावरचा शृंगार

पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपले नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवण्याची सवय मराठी वाचकाला नवी नाही. युरोपात याच हेतूने एक स्वतंत्र कलाप्रकार जन्माला आला. त्याचे नाव 'एक्स लिब्रिस'. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'यांच्या ग्रंथांपैकी'. ग्रंथमालकाचे नाव आणि खास त्याच्यासाठी काढलेले चित्र असलेली ही छापील चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस चिकटवली जाते. तिच्या साडेपाचशे वर्षांच्या इतिहासातील एका दालनाची चर्चा मात्र संग्राहकांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच होते. ते दालन म्हणजे शृंगारिक एक्स लिब्रिस.

ढालीकडून देहाकडे

या प्रकाराचा उगम पंधराव्या शतकातील जर्मनीत झाला. हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्ग याने १४८० च्या सुमारास बुक्सहाइमच्या मठाला दिलेल्या ग्रंथांत देवदूताच्या हाती घराण्याची ढाल असलेली, हाताने रंगवलेली लाकडी ठशाची चिठ्ठी आढळते. पुढे आल्ब्रेख्त ड्यूररसारख्या श्रेष्ठ कलावंताने आपला मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर याच्यासाठी अशी चिठ्ठी केली. दीर्घकाळ या चिठ्ठ्यांवर राज्य होते ते कुलचिन्हांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथमालक बदलला. सरदार आणि मठाधिपतींच्या जागी वकील, डॉक्टर, व्यापारी आले. त्यांना ढाल नको होती, स्वतःची आवडनिवड सांगणारे चित्र हवे होते. माक्स क्लिंगरसारख्या चित्रकारांनी या इवल्याशा कागदावर नग्नाकृतीला प्रतिष्ठेचे स्थान दिले. लेडा आणि हंस, आदम आणि ईव्ह, वनदेवता आणि सॅटर हे विषय वारंवार येऊ लागले.

कायद्याच्या सावलीत

जर्मनीत १९०० साली 'लेक्स हाइन्झे' या नावाने ओळखला जाणारा कायदा होऊन अश्लीलतेवरील निर्बंध कडक झाले. कलावंतांच्या तीव्र विरोधामुळे त्यातील काही कलमे सौम्य करावी लागली, पण धास्ती राहिलीच. अशा वातावरणात एक्स लिब्रिसला एक सोय होती. ती दुकानात विकली जात नसे. एका व्यक्तीने मागणी करायची, एका कलावंताने ती कोरायची आणि मोजक्या प्रती मालकाच्या हाती पडायच्या, असा सारा खासगी व्यवहार.

या काळाचा प्रमुख कलावंत फ्रान्झ फॉन बायरॉस. १८६६ साली झाग्रेब येथे जन्मलेल्या आणि व्हिएन्नात शिकलेल्या या चित्रकाराच्या रेषेत रोकोको काळातील पंखे, रेशमी झालरी, पावडर लावलेले केसांचे टोप आणि त्यांआडचा उघड शृंगार एकत्र नांदतो. 'श्वाझी ल कोनँ' या टोपणनावानेही त्याने चित्रे प्रसिद्ध केली. १९११ च्या 'शृंगारमेजावरील कथा' या चित्रमालिकेवरून कारवाई होऊन त्याला जर्मनी सोडावी लागली. याच बायरॉसने पुढे दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'साठीही चित्रे काढली. १९२४ साली व्हिएन्नात त्याचे निधन झाले.

संग्राहकांचा आश्रय

१८९१ साली बर्लिन आणि लंडन येथे एक्स लिब्रिसप्रेमींच्या संस्था निघाल्या. सभासद परस्परांत चिठ्ठ्यांची अदलाबदल करू लागले आणि या कलेचे स्वरूपच पालटले. ग्रंथात चिकटवण्यापेक्षा देवघेवीसाठी चिठ्ठ्या छापल्या जाऊ लागल्या. कलावंताची पेन्सिलीने केलेली सही, प्रतीचा क्रमांक, तंत्राची सांकेतिक खूण यांना महत्त्व आले. ताम्रपटावरील कोरीवकाम म्हणजे 'सी २', अम्लरेखन म्हणजे 'सी ३', लाकडी ठसा म्हणजे 'एक्स १', ही लिपी आजही जगभरचे संग्राहक जाणतात.

हा आश्रय किती मोलाचा ठरू शकतो, हे मिखाएल फिंगेस्टेन याच्या आयुष्यावरून दिसते. १८८४ साली जन्मलेला हा ज्यू कलावंत नाझी राजवटीमुळे बर्लिन सोडून इटलीत आला. कामवासना आणि मृत्यू यांना एकाच चौकटीत आणणारे त्याचे उपरोधिक अम्लरेखन कोमो येथील वास्तुविशारद जानी मान्तेरो यांच्यासारख्या संग्राहकांनी आवर्जून मागवले. १९४० साली त्याला अटक झाली आणि फेर्रामोन्तीच्या छावणीत डांबण्यात आले. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये सुटका झाली, पण अवघ्या काही आठवड्यांत त्याचा मृत्यू झाला.

युद्धानंतर बेल्जियमचे मार्क सेव्हेरिन (१९०६-१९८७) यांनी या परंपरेला प्रसन्न वळण दिले. टपाल तिकिटांचे रेखाटनकार म्हणून परिचित असलेल्या सेव्हेरिन यांच्या ताम्रपटावरील नग्निका निर्मळ आणि खेळकर आहेत. जपानचे अल्फोन्स इनोउए यांनीही सूक्ष्म कोरीवकामातून या विषयाला स्वप्नवत रूप दिले.

नाव आणि देह

या कलेवर एक आक्षेप रास्त आहे. बहुसंख्य जुन्या चिठ्ठ्यांवर नाव पुरुषाचे आणि देह स्त्रीचा असतो. 'यांच्या ग्रंथांपैकी' या शब्दांखाली निर्वस्त्र स्त्री दिसते, तेव्हा मालकी नेमकी कशाची, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. अन्य शृंगारिक चित्रांचा ग्राहक सहसा अज्ञात राहतो. इथे त्याने आपले नाव चित्रावरच छापून घेतले आहे. म्हणूनच इतिहासकारासाठी या चिठ्ठ्या बोलका पुरावा ठरतात.

ब्रिटिश म्युझियममधील फ्रँक्स संग्रह, डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सहाव्न आणि बेल्जियममधील सिंत-निक्लास येथील संग्रहांनी एक्स लिब्रिस जतन केल्या आहेत. खासगी संग्रह मात्र मालकामागे विखुरतात. त्यातही 'घरात दाखवण्याजोगे नाही' म्हणून पहिल्यांदा नाहीसा होण्याची भीती शृंगारिक चिठ्ठ्यांनाच अधिक. त्यांच्यासोबत पुसली जाते ती एखाद्या वाचकाने आपल्या ग्रंथांच्या एकांतात स्वतःविषयी दिलेली कबुली.