चर्चगेटचे चर्च आणि रामा कामती

'चर्चगेट' हा शब्द मुंबईचा नोकरमाणूस दिवसातून दोनदा तरी उच्चारतो. पण ते चर्च कोणते आणि ते गेट कोठे होते, याची चौकशी फार थोडे करतात. स्थानकाबाहेर पडून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे चालू लागले की हुतात्मा चौक लागतो. मुंबईच्या किल्ल्याचा पश्चिम दरवाजा या ठिकाणी होता. १८६० नंतर काही वर्षांतच तट पाडले गेले आणि दरवाजाही गेला. आज तेथे मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे, १९६१ साली उभारलेले स्मारक आहे. तसेच पुढे गेले की ज्याच्यामुळे दरवाजाला नाव पडले ते सेंट थॉमस कॅथीड्रल येते.

या देवळाचा पाया गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७६ साली घातला. पुढच्याच वर्षी तो सुरतेस वारला आणि काम रखडले. चाळीस वर्षे नुसत्या अर्धवट भिंती उभ्या होत्या. १७१४ साली रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला; त्याने व्यासपीठावरून गोऱ्या साहेबांची कानउघाडणी केली, वर्गणी जमवली आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी देऊळ उघडले. १८३७ साली मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला, तेव्हा त्याला कॅथीड्रलचा मान आला. १९७० साली अँग्लिकन मंडळी उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाली, तेव्हापासून ते त्या संस्थेकडे आहे.

आत गेल्यावर भिंतींवर संगमरवरी स्मारके दिसतात. ती बहुतेक गव्हर्नरांची, कप्तानांची, कंपनीच्या अधिकाऱ्यांची. त्यांतले जोनाथन डंकनचे अवश्य पाहावे. काशी आणि काठियावाड प्रांतांत नवजात मुलींना मारण्याची चाल होती. ती बंद करण्यासाठी या गव्हर्नराने खटपट केली, हे त्या दगडावर कोरले आहे. परकीय सत्तेचा माणूस म्हणून त्याचे हे श्रेय नाकारण्याचे आपल्याला कारण नाही.

पण मला तुमच्यापुढे मांडायची आहे ती दुसऱ्याच एका माणसाची हकीकत. १७१८ च्या त्या समारंभाला गव्हर्नर चार्ल्स बून हजर होता. त्याच दिवशी रामा कामती नावाचे एक बडे शेणवी व्यापारी आपल्या जातभाईंसह आले आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभे राहिले, असे कॉबने स्वतः लिहून ठेवले आहे. कामती कंपनीचे जुने हितकर्ते होते. शिपाई पुरवून त्यांनी तिला मदत केली होती. दोन वर्षांनी, १७२० साली, त्याच बूनच्या अमदानीत त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केला, हा आरोप. कामती कैदेत पडले, त्यांची मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ साली कैदेतच त्यांचा अंत झाला. पुरावा बनावट होता, हे पुढे उघडकीस आले. तोवर न्याय घ्यायला माणूस उरला नव्हता.

कामगार चळवळीत वर्षे काढलेल्यांना ही तऱ्हा नवी वाटणार नाही. आरोप ठेवणारा तोच, चौकशी करणारा तोच आणि निकाल देणाराही तोच, असे झाले म्हणजे धनवानाचीसुद्धा गत होते. मग गरिबाची काय कथा? कामतींजवळ पैसा होता, मानमरातब होता, फक्त दाद मागायला स्वतंत्र जागा नव्हती. मालकाच्या मर्जीवर उभी असलेली इभ्रत मर्जी फिरताच कोसळते. म्हणून हक्क लेखी हवा आणि न्यायाधीश तिऱ्हाईत हवा.

कामतींची आठवण शोधायची तर वाळकेश्वरला जावे. तेथले देऊळ १७१५ च्या सुमारास त्यांनी पुन्हा बांधले. चर्चच्या भिंती उभारणाऱ्या गवंड्या-बिगाऱ्यांना मात्र तेवढाही आधार नाही. त्यांचे काम तेवढे उभे आहे.

तेव्हा वेळ काढून हे देऊळ जरूर पाहा. भिंतीवरची नावे आदराने वाचा, आणि बाहेर पडताना उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबा. रामा कामती उभे होते ते तेथेच.