मांजराला विकतचे कच्चे अन्न द्यावे का? पाकीट उघडण्याआधी काय तपासावे?

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. उंदीर, पाली, पाखरे मारून कच्चेच खाणारा. मग अशा प्राण्याला आयुष्यभर कारखान्यातले कोरडे दाणे का घालायचे, असा प्रश्न मांजर पाळणाऱ्या अनेकांना पडतो. या प्रश्नातूनच युरोप-अमेरिकेत कच्च्या मांसाच्या तयार खाद्याची बाजारपेठ उभी राहिली. भारतातील शहरांतही असे खाद्य ऑनलाइन मिळू लागले आहे.

मात्र डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात घराबाहेर न जाणारे एक पाळीव मांजर बर्ड फ्लूने दगावले. ते खात असलेल्या टर्कीच्या गोठवलेल्या कच्च्या खाद्यातही एच५एन१ विषाणू सापडला. मांजराच्या शरीरातील आणि खाद्यातील विषाणूची जनुकीय रचना जुळली आणि कंपनीला माल परत मागवावा लागला. त्यानंतर या खाद्याविषयीची चर्चा ‘नैसर्गिक की अनैसर्गिक’ यापुरती राहिली नाही. पाकिटातील अन्न पोषणाच्या दृष्टीने पुरेसे आहे का आणि त्यातील जंतू मारलेले आहेत का, हे दोन प्रश्न पुढे आले.

हे अन्न नेमके काय असते?

विकतचे कच्चे अन्न म्हणजे न शिजवलेले मांस, कलेजी, हृदय यांसारखे अवयव आणि दळलेली हाडे यांचे मिश्रण. त्यात बहुतेकदा जीवनसत्त्वे आणि क्षार वेगळे मिसळलेले असतात. ते मुख्यतः दोन रूपांत मिळते. पहिले गोठवलेले, म्हणजे खिम्याच्या वड्या किंवा चकत्या. त्या फ्रीजरमध्ये ठेवून लागतील तशा काढायच्या. दुसरे फ्रीझ-ड्राय. यात गोठवलेल्या मांसातील पाणी निर्वातात काढून टाकले जाते. हे तुकडे कोरडे असल्याने कपाटातही टिकतात आणि दिसायला नेहमीच्या दाण्यांसारखे वाटतात. त्यामुळे ते शिजवलेले आहेत असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तेही कच्चेच मांस असते.

मांजराच्या शरीराची गरज काय?

माणूस किंवा कुत्रा जे घटक शरीरात तयार करू शकतो, त्यांपैकी काही मांजराला अन्नातूनच घ्यावे लागतात. गाजरातील बीटा-कॅरोटिनपासून मांजर ‘अ’ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते प्राणिज अन्नातून, मुख्यतः यकृतातून मिळावे लागते. अ‍ॅराकिडोनिक आम्ल हे स्निग्धाम्लही प्राण्यांच्या चरबीतूनच मिळते.

सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन. टॉरिन कमी पडल्यास मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल खराब होते, हे १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी आणखी गंभीर गोष्ट उघड केली. बाजारातील तयार खाद्य खाणाऱ्या काही मांजरांचे हृदय टॉरिनच्या कमतरतेमुळे पसरट आणि दुबळे होत होते. टॉरिन दिल्यावर त्यांतील अनेक मांजरे सुधारली. त्यानंतर खाद्यकंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा आजार बराच कमी झाला.

या घटनेतून दोन धडे मिळतात. कारखान्यात तयार झालेले अन्न आपोआप पुरेसे ठरत नाही. आणि अन्नात कोणता घटक कमी आहे हे वरून दिसत नाही, मांजर वर्षभर व्यवस्थित खाते-पिते आणि मग एकदम आजारी पडते.

‘कच्चे ते चांगले’ हा समज कुठून आला?

या समजाला बळ देणारा एक जुना प्रयोग नेहमी सांगितला जातो. अमेरिकी डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात कॅलिफोर्नियात शेकडो मांजरांवर निरीक्षणे केली. कच्चे मांस खाणारी मांजरे धडधाकट राहिली, तर शिजवलेले मांस खाणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या दुबळ्या होत गेल्या, असे त्यांना आढळले. मात्र मांजराला टॉरिन अत्यावश्यक असते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. टॉरिन पाण्यात विरघळते आणि मांस शिजवताना निघणाऱ्या पाण्याबरोबर जाते. ती मांजरे खंगण्यामागे हे एक कारण असावे, असे आज मानले जाते. म्हणजे दोष शिजवण्यात नसून हरवलेले पोषण भरून न काढण्यात होता. आजच्या चांगल्या तयार खाद्यात टॉरिन वेगळे घातलेले असते.

खरा फायदा किती?

कच्च्या अन्नाचे काही फायदे मान्य करावे लागतात. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असते, तर कच्च्या मांसात सुमारे सत्तर टक्के. मांजर मुळातच कमी पाणी पिते, त्यामुळे अन्नातून जाणारे पाणी उपयोगी पडते. प्रथिने भरपूर आणि पिष्ट पदार्थ कमी असतात. अनेक मांजरे ते आवडीने खातात आणि विष्ठेचे प्रमाण कमी होते, असा पाळणाऱ्यांचा अनुभव असतो.

पण यातील बहुतेक फायदे डब्यातील किंवा पाउचमधील ओल्या खाद्यातूनही मिळतात. त्यातही पाणी पाऊणशे टक्क्यांच्या घरात असते आणि ते उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. कच्च्या अन्नाने मांजर जास्त जगते किंवा त्याचे आजार टळतात, हे दीर्घकाळ चाललेल्या काटेकोर अभ्यासातून सिद्ध झालेले नाही.

गोठवल्यावर जंतू मरत नाहीत का?

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. फ्रीजरच्या थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण बहुतेक जिवाणू आणि विषाणू मरत नाहीत. वडी वितळली की ते पुन्हा वाढू लागतात. टोक्सोप्लाझ्मासारखे काही परजीवी पुरेशा थंडीत काही दिवस ठेवल्यास मरतात, परंतु साल्मोनेला, लिस्टेरिया किंवा बर्ड फ्लूच्या विषाणूबाबत गोठवण्यावर भरवसा ठेवता येत नाही. फ्रीझ-ड्राय प्रक्रियेचेही तसेच आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१०-१२ दरम्यान तपासलेल्या कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोठवलेल्या ३५ उत्पादनांपैकी १९ मध्ये लिस्टेरिया, ७ मध्ये साल्मोनेला, तर २८ मध्ये काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय जिवाणू आढळले.

ही उत्पादने खाऊनही अनेक मांजरे ठणठणीत दिसतात. धोका तेवढ्यावर संपत नाही. असे मांजर विष्ठेतून जंतू बाहेर टाकते, अंग चाटून ते केसांवर पसरवते आणि मग घरातल्यांच्या मांडीवर येऊन बसते. वडी कापलेली सुरी, ओटा, वाडगे आणि हात हे जंतू पसरण्याचे आणखी मार्ग. म्हणूनच अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये, जंतू नष्ट करण्याची प्रक्रिया न केलेले कच्चे प्राणिज अन्न कुत्र्या-मांजरांना देऊ नये, अशी भूमिका घेतली.

ब्रिटनमध्ये वेगळाच धोका समोर आला. तिथे वेगवेगळ्या भागांतील, घराबाहेर न पडणाऱ्या मांजरांना गुरांमध्ये आढळणाऱ्या जिवाणूचा क्षय झाल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये नोंदवले. त्यांना जोडणारा धागा म्हणजे हरणाच्या मांसाचे एकच विकतचे कच्चे खाद्य.

बर्ड फ्लूने काय बदलले?

साल्मोनेला बहुतेक निरोगी मांजरे पचवून नेतात. एच५एन१चे तसे नाही. या विषाणूने मांजराला ताप येतो, ते मलूल पडते, श्वासाला त्रास होतो, झटके येतात किंवा दिसेनासे होते. अनेक मांजरे काही दिवसांतच दगावतात. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये अशी लाट आली आणि संशय कच्च्या मांसावर गेला. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील सोल शहरात मांजरांच्या निवाऱ्यांत मृत्यू झाले आणि तिथे दिलेल्या खाद्यात विषाणू सापडला. ओरेगॉनच्या घटनेनंतर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने कच्चे कोंबडीवर्गीय किंवा गोवर्गीय घटक वापरणाऱ्या पाळीव प्राण्यांच्या खाद्यकंपन्यांना, सुरक्षा आराखड्यात एच५एन१चा धोका धरणे बंधनकारक केले.

हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीत त्यांना एच५एन१ झाल्याचे निष्पन्न झाले. कोंबडीच्या मांसातून संसर्ग झाला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू आढळला. वाघ आणि मांजर एकाच कुळातले असल्याने गोरेवाड्याची घटना घरातल्या मांजरासाठीही इशारा ठरते. चिकनच्या दुकानातून आणलेली कच्ची कातडी, आतडी किंवा मान मांजराला टाकणाऱ्यांनाही हे लागू आहे.

पाकिटावर काय पाहावे?

पहिली गोष्ट, ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असा उल्लेख आणि तो कोणत्या वयाच्या मांजरासाठी आहे. अमेरिकेत आफ्को आणि युरोपात फेडियाफ या संस्थांचे पोषण निकष वापरले जातात. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘सप्लिमेंटल’ लिहिलेले खाद्य हे खाऊ म्हणून आहे, रोजचे जेवण म्हणून नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते. वाढत्या पिल्लाला केवळ तेच दिल्यास हाडे ठिसूळ होतात.

दुसरी गोष्ट, जंतू मारण्याची प्रक्रिया. काही कंपन्या एचपीपी, म्हणजे अतिउच्च दाबाची प्रक्रिया वापरतात. यात बंद पाकिटाला वातावरणाच्या हजारो पट दाब दिला जातो. त्याने जंतूंची संख्या खूप घटते, पण खाद्य शिजवल्याइतके निर्जंतुक होत नाही. प्रत्येक खेप तपासली जाते का आणि अहवाल मिळेल का, हे कंपनीला विचारता येते. उत्तर टाळणाऱ्या कंपनीचे खाद्य न घेणे बरे.

भारतात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. माणसांच्या अन्नाच्या पाकिटावर दिसणाऱ्या खुणांवरून मांजराच्या खाद्याची खात्री करता येत नाही.

कोणत्या घरांनी टाळावे?

घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, वृद्ध व्यक्ती किंवा कर्करोग, अवयव-प्रत्यारोपण अशा कारणांनी प्रतिकारशक्ती कमी झालेले कोणी असेल तर कच्चे खाद्य घरात आणू नये. लहान पिल्ले, गाभण किंवा पिल्लांना पाजणारी मांजर, स्टेरॉइड चालू असलेली आणि एफआयव्ही किंवा एफईएलव्ही या विषाणूंची लागण झालेली मांजरे यांनाही ते देऊ नये. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी फ्रीजरमधील माल मध्येच वितळून पुन्हा गोठतो. तिथेही हा मार्ग योग्य नाही.

करून पाहायचेच असेल तर?

आधी पशुवैद्याशी बोलून मांजराची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर जुन्या अन्नात थोडे थोडे नवे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. विशेषतः लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याला कळवावे.

• वडी ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात वितळू द्यावी. एकदा वितळलेली वडी पुन्हा गोठवू नये.
• सुरी, पाट आणि वाडगा मांजराचा वेगळाच ठेवावा. मांस नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांतून जंतू पसरतात.
• उरलेले अन्न अर्ध्या तासात उचलून टाकावे. उन्हाळ्यात तर आणखी लवकर.
• वाडगा गरम पाणी आणि साबणाने धुवावा. अन्न हाताळल्यावर आणि मांजराच्या शौचाचे भांडे साफ केल्यावर साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत.
• ताप, मलूलपणा, श्वासाचा त्रास, झटके, सततची उलटी किंवा जुलाब दिसल्यास लगेच पशुवैद्याकडे जावे आणि मांजर कच्चे अन्न खाते हे आवर्जून सांगावे. पाकीट फेकू नये, खेपेचा क्रमांक तपासाला उपयोगी पडतो.

मधला मार्ग आहे का?

आहे. कोरड्या दाण्यांबरोबर किंवा त्याऐवजी चांगले ओले खाद्य दिले तर पाणी आणि मांस दोन्ही मिळते. घरी उकडलेले बिनमिठाचे, कांदा-लसूण न घातलेले चिकन खाऊ म्हणून अधूनमधून देता येते. रोजच्या जेवणासाठी मात्र ते अपुरे पडते. कोकणात मांजराला कच्ची मासळी टाकण्याची रीत जुनी आहे. पण काही माशांत थायमिन म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो आणि तो शिजवल्याने निष्क्रिय होतो. म्हणून मासळीही उकडून, काटे काढून द्यावी.

रानातले मांजर कच्चे खाते हे खरे. पण ते नुकती मारलेली शिकार अख्खी खाते. अनेक जनावरांचे मांस एकत्र दळून, गोठवून, शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेली वडी ही तशी शिकार नव्हे. या वडीतले जंतू कोणी आणि कसे मारले, याचे उत्तर पाकिटावर मिळत नसेल, तर शिजवलेले अन्नच मांजराला आणि घरालाही जास्त सुरक्षित.