मुठेलाचा माग

काष्ठौषधीच्या दुकानात ‘आमसुलाचं तेल’ मागितलं की दुकानदार बाटली काढत नाही; पांढुरका गोळा कागदात गुंडाळून पुढे करतो. नवखं गिऱ्हाईक म्हणतं, ‘अहो, तेल मागितलं होतं.’ हेच ते तेल. रातांब्याच्या बियांतून निघालेलं. कोकणात कोकमतेल, मालवणाकडे आणि गोव्यात मुठेल किंवा भिरंडेल. थंडीच्या वाऱ्याने ओठ उलले, पोरांचे गाल खरखरीत झाले, टाचांना भेगा पडल्या की फळीवरचा हा गोळा खाली यायचा.

दमट कोकणात कातडी कशी फुटेल, असं घाटावरच्यांना वाटतं. पण थंडीत जमिनीकडून समुद्राकडे सुटणारा मतलई वारा चांगलाच कोरडा असतो. पहाटे होडी लोटणाऱ्याला आणि शेतात अनवाणी वावरणाऱ्याला तो सोडत नाही.

अनवाणी पाय आणि वारा ही जोडी वैद्यांना जुनीच ठाऊक. सुश्रुतसंहितेत ‘पाददारी’ क्षुद्ररोगांत येते: फार हिंडणाऱ्याचे पाय रुक्ष होतात आणि वायू त्यांना भेगा पाडतो. हा वायू शरीरातला, झाडं हलवणारा नव्हे, हे मान्य. उपाय म्हणून सांगितलेल्या लेपात मेण, वसा, मज्जा, राळ आणि तूप आहे. शिवाय जवखार आणि गेरू. या यादीत मला औषधांपेक्षा घट्ट-मऊपणाचा हिशेब दिसतो. नुसतं तूप ओघळतं, नुसतं मेण पसरत नाही. दोन्हींचा मेळ घातला तरच भेगेत काहीतरी टिकून राहतं.

कोकमाच्या बीत हा मेळ आयता असतो. तिच्या चरबीत मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक आम्लं असतात आणि ती साधारण 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. खोबरेल 25 अंशांच्या वर पातळ होतं, त्याला बाटली लागते. मुठेल घट्टच राहतं. ना बरणी, ना बूच. मुंबईला निघालेल्या चाकरमान्याच्या पिशवीत ते खुशाल पडून राहू शकतं.

शिवाय ते उरलेल्यातून निघतं. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडायचे, साली रसाची पुटं देऊन उन्हात वाळवल्या की आमसुलं झाली, रसात मीठ घातलं की आगळ. बिया उरतात. त्या वाळवून ठेवायच्या, सवडीने दगडाने फोडायच्या, आतला मगज वाटून पाण्यात उकळत ठेवायचा. तवंग वर येतो. निवला की पाण्यावर साय धरावी तसा थर जमतो; तो काढून, पुन्हा वितळवून, मुठीत दाबायचा. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तयार. पैसा लागत नाही, बायकांची मेहनत मात्र दिवसभराची. तिची किंमत कुणी कधी धरली नाही.

लिहिणाऱ्यांचं लक्षही आधी आंबटाकडेच गेलं. गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातल्या बोरांच्या प्रकरणात ‘ब्रिंदांव’ येतं: आंबट फळ, साल व्हिनेगरसाठी. बियांतली चरबी इंग्रजी औषधी ग्रंथांत ठळकपणे आली ती एकोणिसाव्या शतकात. फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांच्या 1874 च्या ‘फार्माकोग्राफिया’त कोकम बटरला स्वतंत्र जागा आहे.

पण वेळ चुकली. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1872 मध्ये, रॉबर्ट चेसब्रो यांनी अमेरिकेत व्हॅसलिनचं पेटंट घेतलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींच्या दांड्यांवर साचणाऱ्या मेणकट चिकट्यातून ते निघालं. म्हणजे तेही उरलेल्यातूनच. पुढे 1929 मध्ये कलकत्त्यात बोरोलीन आलं, स्वदेशीचा शिक्का घेऊन. उगाच मुठेलाची कड घेण्यात अर्थ नाही: कातडीतलं पाणी अडवून धरण्यात व्हॅसलिन सरस आहे, आणि बोटाने उचललं की लागतं. गोळा मात्र आधी ऊब मागतो.

गोळा मागे पडला, बी पडली नाही. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमाने चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी 5 टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत कोकम आहे. आमच्याकडे टाचेला लावायचं ते तिकडे जिभेवर! लिप बामच्या वेष्टनावरही ‘कोकम बटर’ दिसतं, वास काढून शुभ्र केलेलं. गोळ्याला असतो तो उग्रट वास त्याला नाही, हे काहींना सोयीचं वाटेल.

वापरायची रीत बदललेली नाही. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून टिपायचे, अगदी कोरडे करायचे नाहीत. चरबी पाणी देत नाही, असलेलं राखते. पळीत तुकडा वितळवायचा, निवत आला की भेगेत सोडायचा, वर मोजे. ओठांना गोळ्यावर बोट घासून लावलं तरी पुरतं. मधुमेह असेल तर मात्र वितळलेलं तेल भेगेत सोडू नये: बधिर पायाला चटका कळत नाही, आणि तशी भेग आधी डॉक्टरला दाखवावी.