नोंदी करणारे थोडे, पाहणारे पुष्कळ

पक्षीनिरीक्षकांच्या कोणत्याही ऑनलाइन गटात सभासद शेकड्यांनी असतात आणि बोलणारे बोटांवर मोजण्याइतके. फोटो टाकणारे तेच, 'आयडी द्या' म्हटल्यावर उत्तर देणारे तेच, स्थलांतरित बदके उतरल्याची पहिली बातमी देणारेही तेच. बाकीचे वाचतात. लोक नुसते बघत बसतात, ही गट चालवणाऱ्यांची कायमची तक्रार. ती कितपत खरी आणि बघत बसणाऱ्यांमुळे नेमके काय बिघडते, हे तपासायला पक्षीनिरीक्षणाचा छंद सोयीचा आहे, कारण इथला सहभाग मोजता येतो. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'ई-बर्ड'वर कोणी, कुठे, कधी आणि किती वेळ पक्षी पाहिले याची प्रत्येक यादी साठवलेली असते. भारतातल्या नोंदींवर आधारलेला 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२० मध्ये निघाला, तेव्हा त्यामागे सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी होत्या. २०२३ च्या अहवालापर्यंत निरीक्षक ३०,००० च्या वर आणि नोंदी तीन कोटींच्या घरात गेल्या. भागाकार केला तर माणशी हजार नोंदी पडतात. पण अशा ठिकाणी सरासरीइतके काम करणारा माणूस शोधून सापडत नाही.

कामाची ही विषम वाटणी इंटरनेटने आणलेली नाही. आल्फ्रेड लोत्का याने १९२६ मध्ये शास्त्रज्ञांच्या लेखनाची मोजदाद केली आणि दाखवले की एकच निबंध लिहिणाऱ्यांच्या मानाने दोन लिहिणारे साधारण एक चतुर्थांश असतात, तीन लिहिणारे एक नवमांश. म्हणजे चढण जितकी वर, तितकी माणसे झपाट्याने विरळ. २००६ मध्ये याकोब नील्सन याने ऑनलाइन समूहांसाठी ९०-९-१ हे प्रमाण मांडले: शंभरांतले नव्वद नुसते वाचणारे, नऊ अधूनमधून बोलणारे, एक सतत बोलणारा. हा एक आडाखा आहे. लोक मात्र तो निसर्गनियमासारखा सांगतात. ब्लेअर नोनेके आणि जेनी प्रीस यांनी २००० च्या सुमारास ई-मेलवरचे चर्चागट तपासले, तेव्हा आजारपणात आधार देणाऱ्या गटांत मूक सभासद निम्म्याहून कमी निघाले आणि सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवणाऱ्या गटांत ऐंशी टक्क्यांहून जास्त. दुखणाइताला बोलायचे असते, अडलेल्याला उत्तर हवे असते. ते मिळाले की तो निघतो. तेव्हा मौनाचे प्रमाण माणसांच्या स्वभावावर जेवढे अवलंबून, तेवढेच गट कशासाठी जमला आहे यावरही. पक्ष्यांच्या गटांत दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, म्हणून तिथला हिशेब जास्त गुंतागुंतीचा होतो.

शिवाय काय मोजायचे, यावर सक्रिय कोण हे ठरते. विकिपीडियाबद्दल जिमी वेल्स सांगत असे की निम्म्याहून अधिक संपादने जेमतेम ०.७ टक्के लोक करतात. ॲरन स्वार्ट्झ याने २००६ मध्ये संपादनांची संख्या बाजूला ठेवली आणि काही लेखांतला प्रत्यक्ष मजकूर कोणाचा हे पाहिले. मजकुराचा मोठा भाग क्वचित येणाऱ्यांनी लिहिलेला होता. नेहमीचे संपादक बहुतांशी त्याची मांडणी करत, चुका काढत, वर्ग लावत. दोघांचेही काम खरे, पण संपादने मोजली तर एक गट मोठा दिसतो आणि मजकूर मोजला तर दुसरा. पक्षीनोंदींतही हेच होते. पाच जण मिळून तळ्यावर गेले तर यादी एक जण करतो. बाकीच्यांपैकी ज्यांचे खाते आहे त्यांना ती वाटता येते. ज्यांचे नाही, ते 'निरीक्षक : ५' या आकड्यात विरघळतात. एखाद्या झुडपातली हालचाल पहिल्यांदा टिपणारे डोळे त्या विरघळलेल्या माणसाचे असू शकतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर नाव वल्हवत पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवणाऱ्या मच्छीमार वाटाड्याला तर पक्ष्यांच्या रोजच्या जागा तोंडपाठ असतात, पण यादी चढते ती शहरातून आलेल्या दुर्बीणवाल्याच्या नावावर. त्या वाटाड्याला मूक सभासद म्हणणे म्हणजे हिशेबाची चूक माणसाच्या माथी मारणे.

मौनाची कारणेही एका जातीची नाहीत. सर्वांत निकोप मौन शिकाऊ माणसाचे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांच्या उमेदवारांचे उदाहरण दिले आहे. तिथे नवा मुलगा आधी बटणे लावतो, कडा दुमडतो, मग शिवायला शिकतो आणि कापड बेतण्याचे काम सर्वांत शेवटी त्याच्या हाती येते. तोवर तो कडेला असतो, पण दुकानातच असतो. वटवट्यांच्या जाती ओळखण्यावरची जाणकारांची चर्चा वर्षभर मुकाट वाचणारा नवखा याच अवस्थेत असतो. त्याला पहिल्याच आठवड्यात 'तुम्हीही काही टाका' म्हणून टोचणे हा अडाणीपणा.

दुसरे मौन भिडेचे. एखाद्याने साध्या टिटवीचा फोटो टाकावा आणि वर्षानुवर्षे जंगल तुडवलेल्या ज्येष्ठाने 'हे तर शाळेतल्या पोरालाही कळते' असे लिहावे. त्यानंतर तो सभासद पुन्हा तोंड उघडत नाही, आणि ते वाचणारे आणखी वीस जणही उघडत नाहीत. भाषेचीही भीड असते. भारद्वाजाला कुक्कुडकोंबा म्हणून ओळखणारा, कोतवाल आणि धोबी यांच्या सवयी बारकाव्याने जाणणारा शेतकरी इंग्रजी नावांच्या चर्चेत गप्प राहतो आणि गटाचा समज होतो की याला काही येत नाही. हे मौन मात्र गटाच्या खात्यावर तोट्यात मांडायला हवे.

तिसरे मौन जाणत्याचे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मॅन्कर ओल्सन याने १९६५ मध्ये मांडलेला सामूहिक कृतीचा सिद्धान्त असे सांगतो की लाभ सर्वांना सारखाच मिळणार असेल, तर ज्याचा त्याचा कष्ट दुसऱ्यावर ढकलण्याकडे कल असतो. नुसते वाचणाऱ्याला फुकट्या ठरवताना याच सिद्धान्ताचा आधार घेतला जातो. पण नोंद वाचल्याने संपत नाही. दहा जणांनी वाचली काय आणि दहा हजारांनी काय, ती तेवढीच राहते. उलट वाचणारे आहेत म्हणूनच लिहिणारा लिहितो. संपते ती जागा. एखाद्या घुबडाची ढोली किंवा घरटे गटात जाहीर झाले की रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते, फांद्या छाटल्या जातात, आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढले जाते. म्हणून अनुभवी निरीक्षक घरट्याची जागा सांगत नाहीत. ई-बर्डनेही काही संवेदनशील जातींच्या नोंदींची नेमकी ठिकाणे झाकून ठेवण्याची सोय केली आहे. इथे बोलण्याने नुकसान होते आणि गप्प बसण्याने छंद टिकतो. सक्रियता हा आपोआप सद्गुण मानणाऱ्या प्रत्येक गटचालकाने हे उदाहरण समोर ठेवावे.

मग दोष कुठे आहे? माझ्या मते तो बोलणाऱ्यांच्या सारखेपणात आहे. ते बहुधा शहरात राहतात, सुटीच्या दिवशी निघतात, गाडीरस्त्याने पोचता येईल अशा नावाजलेल्या पाणथळी गाठतात आणि दुर्मीळ ते टिपतात. नांदूरमधमेश्वरच्या आणि उरणच्या नोंदींचा ढीग लागतो. मराठवाड्यातल्या एखाद्या माळरानावर वर्षात कोणी फिरकत नाही. मैना, पारवा, कावळा यांचा फोटो कोणी टाकत नाही, कारण त्याला दाद मिळत नाही. अशा गटाचे वर्षभराचे बोलणे वाचणाऱ्याला वाटेल की महाराष्ट्रात रोहित उदंड आणि कावळा दुर्मीळ. मूकांच्या अनुपस्थितीने होत नाही, तितके बोलणाऱ्यांच्या आवडीनिवडीने अख्ख्या विषयाचे चित्र वाकडे होते.

ई-बर्डच्या रचनाकारांनी यावर जो उपाय काढला त्यात उपदेशाचा भाग फार कमी आहे. तिथे 'संपूर्ण यादी' मागितली जाते: ओळखता आलेले सगळे पक्षी, लागलेला वेळ, चाललेले अंतर. दाखवण्याजोगे काय मिळाले, हा प्रश्नच नाही. यादी संपूर्ण असली की तिच्यात जो पक्षी नाही, त्याचे नसणेही माहिती ठरते. चमत्कारिक नोंद आली तर यंत्रणा ती आपोआप बाजूला काढते आणि त्या भागातला जाणकार स्वयंसेवक तपासतो. या कंटाळवाण्या शिस्तीचे फळ चिमणीच्या बाबतीत दिसले. चिमण्या संपल्या अशी हाकाटी वर्षानुवर्षे चालू होती. २०२० च्या अहवालाने देशभरातली त्यांची संख्या एकंदरीत स्थिर असल्याचे आणि महानगरांत मात्र ती घटल्याचे दाखवले. कोणाला तरी रोजच्या चिमण्या लिहून ठेवाव्याशा वाटल्या, म्हणून हे कळले.

केरळने याच्याही पुढचे पाऊल टाकले. २०१५ ते २०२० या काळात तिथल्या पक्षीनकाशासाठी राज्याचे चौकोन पाडून निवडलेले चौकोन स्वयंसेवकांना नेमून दिले गेले आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यात व कोरड्या ऋतूत, ठराविक वेळेच्या याद्या झाल्या. हजाराहून अधिक माणसे त्यात उतरली. 'जमेल तसे टाकत चला' असे आवाहन केले की तेच दहा जण पुढे येतात. 'हा चौकोन तुमचा, एवढाच वेळ द्या' असे सांगितले की कालपर्यंत गप्प असलेलाही येतो. त्याच्याकडे उत्साह कमी होता असे नाही. करायचे नेमके काय, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा गटचालकांनी न बोलणाऱ्यांची नावे काढून टाकण्याच्या धमक्या बंद कराव्यात. नव्या सभासदाच्या टिटवीला कोण काय उत्तर देतो यावर लक्ष ठेवावे आणि छोटी, ठरलेली कामे वाटून द्यावीत. वाचकांपैकी जे आजवर नुसते पाहत आले आहेत, त्यांच्यासाठी दर फेब्रुवारीत चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असते. किमान १५ मिनिटे एका जागी थांबायचे आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहायचे, अगदी गॅलरीत उभे राहून, कावळा-पारव्यांसकट.