गुदमरलेल्या नवजाताचे हृदय : रक्तातील खुणा काय सांगतात?

नाळ दबल्यास, वार अकाली सुटल्यास किंवा प्रसूती फार लांबल्यास बाळाला प्राणवायू अपुरा पडतो. अशा वेळी सर्वांचे लक्ष मेंदूकडे असते. हृदयाला झालेली इजा मात्र अनेकदा नजरेआड राहते.

प्राणवायू घटताच शरीर त्वचा, आतडी व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आखडते आणि मेंदू व हृदयाला प्राधान्य देते. ही स्थिती लांबली, की हृदयाचे स्नायूही थकतात. रक्तदाब उतरतो आणि आधीच दुखावलेल्या मेंदूला पुन्हा रक्त कमी पडते. म्हणूनच हृदयाची इजा वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

हृदयस्नायूच्या पेशींना इजा झाली, की त्यांतील काही द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांपैकी ‘सीके-एमबी’ हे विकर पूर्वीपासून तपासले जाते. परंतु ते इतर स्नायूंतही थोडेबहुत असते आणि प्रसूतीच्या ताणाने निरोगी बाळातही वाढलेले आढळते. त्या तुलनेत ‘ट्रोपोनिन टी’ आणि ‘ट्रोपोनिन आय’ ही प्रथिने हृदयाची इजा अधिक नेमकेपणाने दर्शवतात. ती आईच्या रक्तातून वार ओलांडून बाळाकडे येत नाहीत, असे मानले जाते.

तरीही अहवालातील आकडा जपून वाचावा लागतो. निरोगी नवजाताच्या रक्तातही ट्रोपोनिनचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असते. त्यामुळे प्रौढांची मर्यादा येथे लागू पडत नाही. गर्भकाळ, जन्मानंतर उलटलेले तास आणि तपासणीची पद्धत यांनुसार आकडे बदलतात. सर्वमान्य अशी एकच मर्यादा अद्याप ठरलेली नाही. म्हणून पुन्हा पुन्हा केलेली तपासणी, रक्तदाब, हृदयालेख आणि सोनोग्राफीच्या तंत्राने केलेली हृदयाची ‘इको’ चाचणी यांची सांगड घालूनच निदान केले जाते.

मेंदूच्या रक्षणासाठी जन्मानंतर सहा तासांच्या आत बाळाचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून ७२ तास तेथे ठेवण्याचा उपचार अनेक प्रगत देशांत रूढ आहे. मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेशात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत या उपचाराने मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. त्यामुळे या देशांत श्वसन, रक्तदाब व हृदय यांना वेळीच आधार देण्याचे महत्त्व अधिकच आहे.

दिलासा असा, की बचावलेल्या बहुतेक बाळांचे हृदय पुढे सावरते. वाढलेले ट्रोपोनिन हा बाळाच्या भवितव्याचा निकाल नव्हे. हृदयाकडे तातडीने लक्ष द्या, हा त्याचा इशारा आहे.